दीड मीटरच्या आतलं

घरात तिला फूटपट्टी म्हणायचे. लहानपणी दिसेल ते मोजत सुटायची. दाराची उंची, मांजराची शेपटी, दादाच्या वाट्याची कलिंगडाची फोड आपल्यापेक्षा मोठी तर नाही ना, सगळं. मोठी झाल्यावर फूटपट्टीची नुसती पट्टी झाली आणि ते मोजायचं खूळच पोटापाण्याला लागलं. ती नद्या-तलावांची खोली मोजते. हातातल्या पेटीत मावेल एवढं यंत्र असतं, एको साउंडर म्हणतात त्याला. दांड्याच्या टोकाला वाटीएवढं डोकं, ते बोटीच्या कडेने पाण्यात बुडवायचं. डोकं तळाकडे आवाज सोडतं, आवाज तळाला आपटून परत येतो आणि यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते. इतकं साधं आहे. पण साध्या कामातच माणूस गाफील राहतो.

त्या सकाळी पट्टी खालच्या धक्क्यावर नव्या कामाची तयारी करत होती. मोजणीआधी यंत्राची परीक्षा घ्यायची असते. साखळीला बांधलेली लोखंडी थाळी डोक्याखाली बरोबर एक मीटरवर सोडायची आणि पडद्यावर एकच येतंय ना, ते बघायचं. तिने थाळी सोडली. पडद्यावर दोन आलं.

साखळी अडकली असेल म्हणून तिने वर ओढली, खुणा तपासल्या, पुन्हा सोडली. पुन्हा दोनच.

"थाळी बाळसं धरतेय वाटतं पाण्यात," बोटवाला म्हणाला. त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण बंद करायचं बटण त्याला देवाने दिलंच नव्हतं. सकाळपासून तो जावयाच्या नव्या गाडीची कर्मकहाणी सांगत होता.

पट्टीने यंत्राच्या सेटिंग उघडल्या आणि एका आकड्यावर तिची नजर खिळली. दीड.

तो दीड तिनेच घातला होता, गेल्या आठवड्यात. वरच्या अंगाच्या जुन्या पुलाची दुरुस्ती निघाली होती, प्रवासी लाँचची नेहमीची वाट बंद होणार होती, म्हणून पलीकडच्या कमानीतून नवी वाट मोजायचं काम तिच्याकडे आलं होतं. तिथे पाण्यात शेवाळ माजलेलं. यंत्र प्रत्येक काडीला तळ समजायला लागलं, पडद्यावरची रेघ वेड्यासारखी नाचायला लागली. तेव्हा तिने यंत्राला बजावलं, दीड मीटरच्या आतलं काही ऐकू नकोस. रेघ लगेच शहाण्यासारखी सरळ झाली. पट्टीला तेव्हा बरंसुद्धा वाटलं होतं. पुढे वारा सुटला, बोट हेलकावे खायला लागली आणि शेवटची थाळीची परीक्षा न घेताच ती घरी आली. सकाळी घेतली होतीच की. एका दिवसात दोनदा काय घ्यायची?

आता बघा, आवाज काही सांगून थांबत नाही. तळ दीड मीटरच्या आत असला तर त्याचा पहिला आवाज यंत्र कानाआड करतं. तो आवाज वर पाण्याच्या पृष्ठभागाला आपटतो, परत खाली जातो, तळावरून दुसऱ्यांदा वर येतो आणि यंत्र हा दुसरा आवाज खरा मानतं. त्यामुळे एकाचे दोन होतात. पाणी जिथे सगळ्यात कमी, तिथेच ते दुप्पट दिसतं.

पण तिथे इतकं उथळ होतं तरी कुठे? तिने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि त्या दिवसाचं चित्र काढलं; यंत्राने न मोजलेले आवाजही त्यात फिकट उमटतात. आकडे सगळे छान होते, अडीचच्या खाली कुठेच नाही. मात्र पुलाच्या पलीकडे, वाटेला आडवा, या कडेपासून त्या कडेपर्यंत, तळाच्या रेघेच्या वर एक फिकट पट्टा होता. शेवाळ म्हणून तिने तेव्हा सोडून दिला होता. आता तिने नीट पाहिलं. पट्टा आखल्यासारखा सरळ होता, आणि शेवाळ काही आखून उगवत नाही. पट्टा एक पूर्णांक तीनवर, त्याच्याखालचा तळ दोन पूर्णांक सहावर. बरोबर दुप्पट. पाण्यात कुणाच्या तरी जमान्यातली भिंत उभी होती.

लाँचला पावणेदोन मीटर पाणी लागतं. आणि नव्या वाटेने पहिली फेरी आजच होती.

लाँच चालवणारा सारंग तिचा सख्खा मोठा भाऊ. काल धक्क्यावर कुणीतरी विचारलं होतं, नवी वाट, भीती नाही ना? तर दादा छाती काढून म्हणाला होता, "माझ्या बहिणीने मोजलीय. डोळे मिटून नेतो." आणि पहिल्या फेरीला त्याने आईला आणि वहिनीला कौतुकाने पुढच्या बाकावर बसवलं होतं. आईला पोहता येत नाही. गुडघ्यामुळे तिला धड उठताही येत नाही.

पट्टीने दादाला फोन लावला. बंद. सुकाणूवर असताना फोन बंद, हा त्याचा नियम, आणि तिला तो नियम नेहमी आवडत आला होता. मग तिकीटखिडकीला लावला.

"ती केव्हाच सुटली, ताई. काय गर्दी होती म्हणून सांगू!"

"वायरलेस करा त्यांना. आत्ता."

"वायरलेस दुरुस्तीला दिलाय. निरोप सांगा ना, परत आले की देतो."

तिने वहिनीला लावला. वहिनीने उचलला, पण इंजिनाच्या धडधडीत एक शब्द धड कळेना. "काय? हो गं, आई खिडकीपाशी मस्त बसल्यात! तू पण यायला हवं होतंस!" आणि फोन कट. पुन्हा लावला तर नुसताच वाजत राहिला.

एक क्षण, खोटं कशाला सांगा, तिच्या मनात आलं की कदाचित आज पाणी चढलं असेल. कदाचित लाँच वरून निघूनही जाईल आणि कुणाला काही कळणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग तिला आईचे गुडघे आठवले आणि स्वतःची किळस आली.

"पुलापलीकडे घे," ती रेडिओला म्हणाली. "जेवढं पळेल तेवढं पळव."

"आणि काम?"

"घे म्हणते ना."

पुलापर्यंत रेडिओ बोलत होता. मग त्याने मागे वळून तिचा चेहरा पाहिला आणि गप्प झाला. पट्टीने तो दीड काढून टाकला आणि डोकं पाण्यात सोडलं. पडद्यावर आकडे सरकू लागले. दोन नऊ. दोन आठ. दोन आठ. एक तीन.

"थांब, थांब. इथेच."

तेवढ्यात वळणावरून लाँच आली. पांढरी, भरलेली, टपावरसुद्धा माणसं. पट्टी बोटीत उभी राहिली आणि दोन्ही हात जिवाच्या आकांताने हलवायला लागली.

लाँचने दोन भोंगे दिले. बहिणीची बोट दिसली की दादा दोन भोंगे द्यायचा, वर्षानुवर्षांची रीत. टपावरच्या लोकांनी हात हलवले. खिडकीतून एक रुमाल हलला. तो आईचा होता.

"ताई, हात खाली करा, ते टाटा समजतायत," रेडिओ म्हणाला. "बोट आडवी घालू का?"

"तो बाजूने काढेल. मी मोजतेय असं वाटेल त्याला. आणि बाजूलाही भिंतच आहे."

लाँचचा वेग कमी होत नव्हता. दादा डोळे मिटून नेतो म्हणाला होता, आणि तसाच नेत होता. पट्टीने खाली पडद्याकडे पाहिलं. एक तीन. याच यंत्राने तिला तोंडघशी पाडलं होतं, म्हणजे तिनेच त्याला पाडायला लावलं होतं, आणि आता त्याच्याच शब्दावर विसंबायचं होतं. तिने लाइफ जॅकेटचा पट्टा आवळला, बोटीच्या काठावरून पाय टाकला आणि उतरली.

पाय बुळबुळीत दगडाला लागले. पाणी छातीशी थांबलं.

"तू मागे हो," ती रेडिओला म्हणाली. तो हलेना, तेव्हा तिने बोट स्वतःच ढकलली. मग दोन्ही हात वर केले आणि या वेळी हलवले नाहीत. नुसती उभी राहिली, नदीच्या मधोमध, रस्त्यात उभं राहावं तशी.

इंजिनाचा आवाज आधी पडला. मग उलटा फिरून असा ओरडला की तिला दगडातून पायाला जाणवला. लाँच थरथरली, मागे फेसच फेस झाला, आणि ती पुढे येत राहिली, हळू, आणखी हळू. थांबली तेव्हा नाकावरच्या रंगाचे पोपडे पट्टीला मोजता आले असते.

दादा पुढच्या टोकाला आला.

"पट्टे, तू उभी आहेस?"

"हो."

"कशावर?"

"भिंत आहे, दादा. मी चुकीचं मोजलं." तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "यंत्र बरोबर होतं. मीच त्याला ऐकू नको म्हटलं होतं."

दादाने तिच्या छातीपर्यंतच्या पाण्याकडे पाहिलं, मग लाँचच्या नाकाकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"आई आहे गं आत," तो म्हणाला. ओरडला असता तर तिला सोसलं असतं.

"ती पाण्यात का उभी आहे?" खिडकीतून आईचा आवाज आला. "सर्दी होईल तिला. कुणीतरी सांगा रे."

दादा आत गेला. लाँच मागे सरकत वळायला लागली. रेडिओने बोट जवळ आणली.

"चला ताई, वर या."

"ती वळेपर्यंत नाही. मी हलले तर भिंत कुठे आहे हे त्याला कसं कळेल?"

थंडीने तिचे दात वाजत होते आणि ती रडत होती, पण दोन्ही हात तिने वरच ठेवले. लाँचने पाठ दाखवली. तिच्या लाटा येऊन पट्टीच्या हनुवटीला लागल्या आणि ओसरल्या. भोंगा वाजला नाही. लाँच लहान होत वळणापाशी गेली, तरी वाजला नाही.

वळणावर तो वाजला. एकदाच.

दुसऱ्याची वाट न बघता पट्टीने हात खाली केले आणि बोटीचा काठ धरला.