चंपाबाईंच्या खाणावळीतला ताप

सांगलीच्या विश्रामबागेत, कॉलेजच्या मागच्या गल्लीत चंपाबाईंची खाणावळ होती. चंपाबाई जैन. नवरा गेल्यावर त्यांनी घरातच पंगती सुरू केल्या आणि कॉलेजची पोरं तिथं जेवू लागली. पाणी दुहेरी फडक्यातनं गाळल्याशिवाय माठात जायचं नाही, आणि दिवस मावळायच्या आत चूल विझायची. त्यांच्या स्वच्छतेला नावं ठेवायची गल्लीत कुणाची छाती नव्हती.

साळूबाई त्यांच्याकडं आली ती बहात्तरच्या दुष्काळानंतर. माण तालुक्यातली. नवरा आधीच वारलेला, आणि ती दुष्काळी कामावर खडी फोडत असताना तापानं एकुलती एक पोरगी राही गेली. गावात परत जावं असं काही उरलं नाही, म्हणून ओळखीच्या बाईच्या मागनं ती सांगलीला आली. चंपाबाईंनी तिला भाकरी थापायला ठेवून घेतलं आणि राहायला मागची खोली दिली. साळूबाईच्या हाताला चव होती. जेवणापेक्षा तिच्या ताकावर पोरांचा जीव जास्त. जेवून उठताना पोरं पितळेचे पेले पुढं करायची, आणि ती "घ्या, घ्या, पोटाला गार पडंल" म्हणत ओतायची. राही गेल्यावर तिच्याकडं कुणी काही मागितलंच नव्हतं. त्या पुढं आलेल्या पेल्यांनी तिला पुन्हा माणसांत आणलं.

पंचाहत्तरच्या पावसाळ्यात खाणावळीतला एक पोरगा तापानं पडला. मग दुसरा, मग आणखी दोघं. डॉक्टर म्हणाले, मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉईड. सगळ्यांत वाईट अवस्था बाहुबलीची होती. तो वाळव्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याला सरकारी दवाखान्यात हलवलं तेव्हा तो आईलाही ओळखत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक शिपायाला बरोबर घेऊन खाणावळीच्या दारात सायकल लावून उभे राहिले. लालासाहेब त्यांचं नाव, उंब्रजचे. फौजेत इस्पितळाच्या तुकडीत नोकरी करून आलेले. बोलणं कमी, आवाज चढा नाही.

"पोरं बरी होईस्तोवर आन् तपास लागंस्तोवर पंगत बंद ठेवावी लागंल, चंपाबाई," ते म्हणाले.

चंपाबाईंचा संताप झाला. "माझ्या घरात? आवं, आमी पाण्यातला किडा मरू नये म्हणून गाळून पितो, आन् तुमी मला घाण म्हणता?"

"घाण कोण म्हणतंय? तुमच्या चुलीसारखी चूल मी फौजेतबी बघितली न्हाई. पण चारी पोरं एका पंगतीची हायेत. मला बघावंच लागंल."

त्यांनी आडाचं पाणी बाटलीत घेतलं. धुळा नावाच्या दूधवाल्याचे हंडे तपासले, त्याच्या गोठ्यापर्यंत जाऊन आले. पाणी चांगलं निघालं, दूधही चांगलं निघालं. मग त्यांनी सांगितलं की स्वयंपाकघरात हात घालणाऱ्या प्रत्येकाची परसाकडची तपासणी करायची. चंपाबाईंनी कपाळाला हात लावला. साळूबाई तर लाजेनं भिंतीकडं तोंड करून बसली. पण दोघींनी डबी दिली.

मिरजेहून तपासणीचा निकाल आला तसे लालासाहेब पुन्हा आले. या वेळी बरोबर शिपाई नव्हता, अंगावर साधा सदरा होता. गल्लीतल्या कुणाला वाटावं, पाहुणाच आला आहे. त्यांनी दोघींना आत बसवलं.

"साळूबाई, तुमाला मागं कवा मुदतीचा ताप आलता का?"

"व्हय. खडीच्या कामावर. पण त्याला लय दिस झालं. आता मला काय बी हुईत न्हाई."

"तेच सांगतोय. ताप गेला, पण त्येचे जंतू तुमच्या पित्ताच्या पिशवीत ऱ्हायलेत. तुमाला त्रास देत न्हाईत, दुसऱ्याला देतात. भाकरी भाजती, आमटी उकळती, तितं ते मरत्यात. ताक गारच ऱ्हातं. तुमी हातानं लोणी काढता."

साळूबाईला पहिल्यांदा काही कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं स्वतःचे दोन्ही हात पदराखाली घेतले. मग म्हणाली, "साहेब, माझी राही. ताप आदी मला आलता. मी उठले आन् ती पडली. तिला मीच भरवत हुते."

चंपाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "न्हाई म्हणून सांगा की तिला," त्या लालासाहेबांना म्हणाल्या.

लालासाहेबांनी मान हलवली. "न्हाई म्हणून सांगितलं तर ते खोटं हुईल. व्हय म्हटलं तरीबी खोटंच. तवा खडीच्या कामावरची सगळी माणसं एका डबक्याचं पाणी पीत हुती, साळूबाई. कुणाचं कुणाला लागलं ते आता कुणालाच सांगता यायचं न्हाई. पण एवढं सांगतो, तुमी तिला भरवलं ते आईनं भरवलं. त्यात गुन्हा न्हाई. आजारालाबी गुन्हा म्हणत न्हाईत. आता कळलंय, तर औषध करायचं."

कायद्यानं तिला चुलीपासून दूर राहणं भाग होतं. ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण निघताना म्हणाले, "गल्लीत कुणाचं नाव निघणार न्हाई. माझ्या तोंडातनं तर न्हाईच."

साळूबाईनं त्याच संध्याकाळी गाठोडं बांधलं. चंपाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"कुठं निघालीस?"

"आक्का, माझ्यापायी तुमचं नाव गेलं."

"नाव गेलं तर परत मिळवू. तू गेलीस तर दुसऱ्या गावात जाशील, पोटासाठी दुसऱ्याच्या चुलीवर बसशील, आन् तितली पोरं पडतील. ठेव ते गाठोडं. धान्य निवड, अंगण झाड, शिवणटिपण कर. चुलीकडं मी बघते."

साळूबाई राहिली. पण बाहुबलीचा विचार तिच्या डोक्यातून जाईना. एका दुपारी ती कुणाला न सांगता दवाखान्यात गेली. पोरगा आता शुद्धीवर होता, पण गालाची हाडं वर आलेली. त्याची आई, चंदनबाला, त्याला पेज भरवत होती. साळूबाई खाटेपासून लांबच उभी राहिली.

"ताई, तुमच्या लेकराला ताप माझ्या हातनं आला. मला ठावं नव्हतं. साहेब कुणाचं नाव सांगणार न्हाईत, म्हणून मीच सांगाया आले."

चंदनबालेचा चमचा थांबला. तिचा चेहरा ताठ झाला. "भाईर उभ्या ऱ्हावा," एवढंच ती बोलली.

साळूबाई व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. जावं की थांबावं कळेना. आतून बाहुबलीचा बारीक आवाज ऐकू येत होता, "आई, त्या आमच्या साळूमावशी हायेत." थोड्या वेळानं चंदनबाला बाहेर आली. डोळे लाल झालेले.

"मला तुमचा लय राग आला," ती म्हणाली. "अजून हाय. माझं एकच पोरगं हाय."

"व्हय, ताई."

"पण आत पेज संपवली त्येनं. आज पयल्यांदा." तिनं पदरानं नाक पुसलं. "तुमचं औषधपाणी कोण बघतंय?"

इतक्या वर्षांत हे कुणी तिला विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते या बाईनं.

चारी पोरं बरी झाली आणि पंगत पुन्हा सुरू झाली. औषधाच्या मोठाल्या गोळ्या साळूबाईनं महिनोन् महिने खाल्ल्या. तोंड कडू पडायचं, अन्न जायचं नाही. तरी तपासणीत जंतू निघायचेच. शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, पित्ताची पिशवीच काढावी लागेल. लालासाहेबांनी नगरपालिकेच्या आरोग्याधिकाऱ्यांकडं खेटे घालून तिथं खाट मिळवली. चंपाबाईंनी पंगत शेजारच्या बाईवर सोपवली आणि स्वतः तिच्या उशाशी बसल्या. शस्त्रक्रियेच्या दिवशी चंदनबालाही आली. कुणी बोलावलं नव्हतं. सोबत घरच्या तुपाची बरणी होती. "बऱ्या झालात की खावा, आत्ता न्हाई," असं बजावून ती चंपाबाईंच्या शेजारी टेकली, आणि साळूबाईला आत नेलं तेव्हा दोघी मिळून णमोकार मंत्र म्हणत राहिल्या.

पुढच्या तपासण्या एकामागून एक निर्मळ आल्या. तरी लालासाहेब घाई करेनात. आणखी एकदा, आणखी एकदा, म्हणत त्यांनी उन्हाळा आणला. मग एके दिवशी येऊन म्हणाले, "चंपाबाई, आता हिला चुलीवर बसवा."

साळूबाईनं साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. पिठाकडं नेलेले हात तिनं पुन्हा पदराखाली घेतले. चंपाबाईंनी परात तिच्यापुढं सरकवली आणि तव्याखाली लाकूड सारलं. पहिली भाकरी वाकडी झाली. दुसरी टम्म फुगली. साळूबाई रडत होती आणि थापत होती.

त्या पावसाळ्यात नगरपालिकेनं गल्लीत तापाची लस टोचायला आणली. त्या सुईनं दंड सुजतो, अंग मोडून येतं, म्हणून बायका दारं लावून बसल्या. लालासाहेब चौकात एकटेच उभे होते. तेव्हा साळूबाई बाहेर आली आणि गल्लीच्या मधोमध उभी राहिली.

"गेल्या साली पोरं कुणामुळं पडली, इचारत हुता न्हवं? माझ्यामुळं पडली," तिनं मोठ्यानं सांगितलं. "मला कळतबी नव्हतं. ह्या साहेबांनी हुडकून काढलं, म्हणून पोरं वाचली. आन् मीबी वाचले. नुसती हाकलून दिली आसती तर कुठंतरी आजून ताप वाटत फिरले आसते. ह्यांनी मला माणूस म्हणून बरं केलं. चला, भाईर या. दंड दुकंल, दुकू द्या."

लालासाहेब तिच्याकडं बघतच राहिले. ते काही बोलणार, एवढ्यात समोरचं दार उघडलं आणि एक म्हातारी बाही वर करत बाहेर आली. तिच्या मागनं तिच्या सुना आल्या. साळूबाई एकेकीचा हात धरून त्यांना रांगेत उभं करत होती.