पांढरी पाकिटं

मास्तरांनी फळीवरचं तिसरं पाकीट उचललं, अंगठ्याने दाबून बघितलं आणि जागेवर ठेवलं. गेल्या महिन्यापर्यंत इथे लाल पाकिटावर हंस असे. हंस म्हणजे मीठ. आज फळीभर नुसती पांढरी पाकिटं होती, त्यांवर बारीक काळी अक्षरं, आणि चित्राचा पत्ता नाही.

"काय हवंय, आजोबा?" दुकानातल्या मुलीने लांबूनच विचारलं.

"हंसवालं मीठ."

"तिथंच आहे की. कंपनीने रूप बदललंय. हल्ली सगळ्याच बदलतायत, पांढरं म्हणजे भारी दिसतं म्हणे. वाचून घ्या, लिहिलंय वर."

'चष्मा घरी राहिला' हे वाक्य मास्तरांच्या ओठावर आलं. जन्मभर त्यांनी ते वापरलं होतं. पण आज चष्मा नाकावरच होता. हाताला दाणेदार लागलं ते एक पाकीट त्यांनी पिशवीत टाकलं.

तीस वर्षं ते खोकी छापायच्या कारखान्यात शाई मिसळायला होते. छापलेला ताव उजेडात धरून म्हणायचे, "चिमूटभर पिवळा घाल," आणि तो लाल बरोबर त्या कंपनीचा लाल होऊन यायचा. म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. अक्षराची कड जरा फाटली तरी त्यांना हातभरावरून दिसे. ते अक्षर कोणतं, एवढं मात्र कधी कळलं नाही. साहेबांना वाटे मास्तर अबोल आहेत, समोर कागद आला तरी उगाच चर्चा करत नाहीत. घरी पत्र, औषधाची बाटली, पेपर, सगळं बायको वाचून दाखवायची. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा त्यांनी बायकोकडून एकच वचन घेतलं होतं, की पोरीला हे कळता कामा नये. ती पोर आता स्वतःच शाळेत शिकवत होती.

बायको जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मुलगी 'माझ्याकडे या' म्हणून मागे लागली होती. मास्तर एकदाही गेले नाहीत. इथे संध्याकाळी कारखान्यातले तिघे सोबती पायरीवर पत्ते कुटायला येत. कोणाच्या हातात कोणतं पान राहिलंय हे मास्तरांना पक्कं ठाऊक असे. "या माणसाच्या डोक्यात चोर दिवा आहे," असं म्हणत तिघे रोज हरत आणि रोज येत.

त्या दुपारी बटाट्याच्या रश्श्याला चव विचित्र लागली. एकट्याने रांधलेलं एकट्यालाच संपवायचं असतं, म्हणून ते खात राहिले. शेजारीण वाटी परत द्यायला आली तेव्हा मास्तर मोरीपाशी ओकत बसले होते. तिने ओट्यावरचं पाकीट उचलून वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो मास्तर, हा धुण्याचा सोडा आहे!"

शेजारणीचा फोन गेला आणि दुसऱ्या दिवशी मुलगी हजर झाली.

"मागे दात घासायला मलम घेतलं होतंत," ती म्हणाली. "आता हे. बाबा, विसरायला होतंय का?"

"मी नाही विसरलो. त्या कंपन्यांना वेड लागलंय. सगळ्यांनी एकच सदरा घातलाय."

"उद्या डॉक्टरांना दाखवू. त्या म्हणाल्या ठीक आहे, तर खुशाल राहा इथे. नाहीतर चला माझ्याबरोबर. मग हट्ट नाही करायचा."

"चल की. डोकं ठणठणीत आहे माझं."

डॉक्टरीणबाईंनी वार विचारला, महिना विचारला. तीन शब्द सांगून ठेवले आणि पाच मिनिटांनी परत विचारले. मास्तरांनी तिन्ही सांगितले. शंभरातून सात वजा करत करत ते पासष्टपर्यंत खाली आले आणि थांबायलाच तयार होईनात.

"पुरे, पुरे, काका!" बाई हसल्या. "माझ्यापेक्षा बरे आहात. आता एवढं वाचा आणि यात लिहिलंय तसं करा."

त्यांनी पुढ्यात एक कागद ठेवला. त्यावर मोठ्या अक्षरांची एकच ओळ होती. मास्तरांनी कागद खिडकीकडे धरला, बोटांत चोळला.

"शाई हलकी आहे," ते म्हणाले. "काळ्यात थोडा निळा लागतो. तो घातलेला नाही."

"बरं. पण लिहिलंय काय?"

शेजारच्या खुर्चीत मुलगी पर्सच्या बंदाशी चाळा करत होती. 'मला वाचता येत नाही', चार शब्दांचं काम होतं. घर, पायरी, पत्ते, सगळं त्या चार शब्दांवर अडलं होतं. मास्तरांनी कागद टेबलावर ठेवला आणि त्याची कड टेबलाच्या कडेला नीट जुळवली.

"विसरलो," ते म्हणाले.

"वाचायचं विसरलात?"

"हो. हल्ली होतं तसं."

बाईंचं हसू गेलं. त्या मुलीकडे वळल्या.

"आधी वाचता येत होतं ना यांना?"

मुलीने पर्स एकदा उघडली, एकदा मिटली.

"हो," ती म्हणाली. "रोज पेपर वाचायचे."

मास्तरांनी अडवून धरलेला श्वास सोडला. बाई बराच वेळ लिहीत राहिल्या.

आठवड्याने मास्तर मुलीच्या घरी होते. पहिल्याच सकाळी चहा करायला म्हणून ते स्वयंपाकघरात आले आणि जागीच थांबले. खिडकीजवळच्या फळीवर सारख्या मापाच्या बरण्या ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीवर कागदाचा चौकोन होता आणि चौकोनावर हाताने काढलेलं चित्र. एकीवर मुंग्यांची रांग. एकीवर वाफाळता कप. एकीवर समुद्राच्या लाटा. फळीखालच्या डब्यावर दोरीला वाळत घातलेला सदरा. अक्षर कुठेच नव्हतं.

त्यांनी मुंग्यांची बरणी उजेडात धरली. लाल शाई उतरून फिकी गुलाबी झाली होती, कडेला नुसती राखाडी. चिकटपट्टी पिवळी पडली होती. खिडकीच्या उन्हात लाल आधी मरतो, पण तो काही एका आठवड्यात मरत नाही. मास्तरांनी मनाशी हिशेब केला. दोन उन्हाळे तरी.

"सापडलं ना सगळं?" मुलगी केस विंचरत दाराशी आली होती. शाळेची वेळ होत होती.

"सापडलं." त्यांनी बरणी जागेवर ठेवली. "मुंग्या छान काढल्यास."

"वर्गात काढून काढून हात बसलाय." तिचा कंगवा केसांत तसाच राहिला होता. "राहाल ना इथे, बाबा?"

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. खाली रस्त्यावर ओळखीचं कोणी नव्हतं.

तिने भांड्यातून पाणी ओतलं आणि पेला त्यांच्या पुढे धरला. दुसऱ्या तळहातावर डॉक्टरीणबाईंनी आठवण टिकावी म्हणून दिलेली पांढरी गोळी होती.

"हां," मास्तर म्हणाले. "ती राहिलीच होती. बरी आठवण केलीस."

गोळी त्यांनी जिभेवर ठेवली आणि पेला पुरता रिकामा केला.