बाबांनी पाहिलेला सिनेमा

महोत्सवाचं वेळापत्रक आलं त्या दिवसापासून दातांच्या डॉक्टरीणबाईंचे पाय जमिनीवर नव्हते. दाढ काढता काढता त्या पेशंटला सांगायच्या, "यंदा दीपगृहाचा सिनेमा येतोय." तोंड उघडं टाकून पडलेला पेशंट काय बोलणार? बाई त्याचा होकारच धरायच्या.

महोत्सव होता स्वतंत्र सिनेमांचा. ना नावाजलेले नट, ना गाणी. कुणी लग्नांची शूटिंगं करून उरलेल्या वेळात केलेला, तर कुणी सख्ख्या मावशीलाच नायिका करून टाकलेला. बाईंचा जीव मात्र एकाच सिनेमात अडकला होता. बेटावरचं दीपगृह आणि त्यात राहणाऱ्या, एकमेकींशी अबोला धरलेल्या दोन बहिणी. त्याची झलक त्यांनी इतक्यांदा पाहिली होती की नवरा म्हणायचा, "आता त्या बोलायला लागल्या, तर तूच त्यांना गप्प बसवशील."

दोघांचे पास काढून झाले, आणि ऐन वेळी नवऱ्याला ऑफिसने बाहेरगावी पिटाळलं. घरात उरले सासरे. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेले, आणि पहिल्या पाच मिनिटांत कुणी कुणाच्या कानाखाली वाजवली नाही तर चॅनल बदलणारे.

"मी येतो की!" ते म्हणाले.

"बाबा, त्यात मारामारी नाही."

"नसू दे."

"फारसं कुणी बोलतही नाही."

"उत्तम. म्हणजे ऐकू येण्याची भानगडच नको."

"आणि मध्येच 'ही कोण, ही कोण' करायचं नाही."

"दोनच बायका आहेत ना? ही नाही तर ती. त्यात विचारायचंय काय?"

बाईंनी नवऱ्याचा पास बाबांच्या हातात ठेवला.

दुपारचा खेळ गाठायचा म्हणून त्यांनी आठवडाभर पेशंटांचा नुसता फडशा पाडला. त्या दिवशीही एका हट्टी अक्कलदाढेशी झुंजून, हात धुऊन, धापा टाकत त्या थिएटरात पोहोचल्या. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आधीच जागा धरून बसले होते. दिवे मंदावले. पडद्यावर समुद्र आला. गार हवा, मऊ खुर्ची, लाटांची संथ गाज... बाईंनी समाधानाने एक लांब श्वास घेतला.

त्यानंतर त्यांच्या कानावर पडल्या त्या थेट टाळ्या. सिनेमा संपला होता. शेजारी बाबा सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होते.

"बाबा, माझा डोळा लागला हो!" बाहेर येताना बाई रडवेल्या झाल्या होत्या.

"चालायचंच. दमली होतीस."

"काय झालं त्यात? सांगा ना."

बाबांनी घसा साफ केला आणि बसस्टॉपवर सगळा सिनेमा सांगितला. थोरलीचा एक पांढरा घोडा असतो. वादळात एक चोर पोहत बेटावर येतो. घोडा खिंकाळतो, बहिणी जाग्या होतात, आणि दीपगृहाच्या गोल जिन्यावर जी काही जुंपते म्हणता! धाकटी त्याला अशी लाथ घालते की तो गरगरत थेट तळाला. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी तेवढ्यासाठी स्वतःची बस सोडून दिली.

"पण मारामारी नव्हती ना?" डॉक्टरीणबाई चक्रावल्या.

"मग जिन्यावर झालं ते काय होतं?"

आता तर हळहळ दुप्पट झाली. दुसऱ्या दिवशी तोच सिनेमा पुन्हा होता. बाईंनी दोन पेशंट पुढे ढकलले.

"पुन्हा कशाला?" बाबांचा चेहरा पडला. "मी सांगितला की सगळा!"

बाई गेल्याच. झोपेचा भरवसा नव्हता म्हणून मागच्या भिंतीला टेकून उभं राहूनच त्यांनी सिनेमा पाहिला. घोडा आला नाही. चोरही आला नाही. बहिणी काचा पुसत होत्या, स्वयंपाक करत होत्या, पाठीला पाठ लावून जेवत होत्या. मग धाकटीची दाढ दुखायला लागली. गाल धरून ती कोपऱ्यात बसली. थोरली बराच वेळ बघत राहिली आणि दिवा घेऊन जवळ आली. "दाखव," ती म्हणाली. सगळ्या सिनेमातला तो एकच शब्द. दाताची डॉक्टरीण असूनही बाईंचे डोळे घळघळा वाहायला लागले.

घरी बाबा पेपरात तोंड खुपसून बसले होते.

"बाबा, घोडा कुठे होता?"

पेपर हळूहळू खाली आला. "तू झोपलीस. म्हटलं, आता कोण बघतंय? मग मीही ताणून दिली."

"आणि ती गोष्ट?"

"अगं, किती दिवस वाट बघत होतीस. तोंड एवढंसं झालं होतं तुझं. तुला तसंच रिकाम्या हातांनी घरी कसं आणायचं?"

बाई खो-खो हसत सुटल्या. मग बाबांच्या शेजारी बसून त्यांनी खरा सिनेमा सांगितला, अगदी काचा पुसण्यासकट. बाबा एकदाही मध्ये बोलले नाहीत.

"दाखव म्हणाली, आणि तिने दाखवली?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो."

"हं." बाबांनी पेपराची घडी घालून बाजूला ठेवली. "उद्या कुठला आहे?"

"एका सुताराचा. तीन तास टेबल बनवतो."

"मग जाताना मला घेऊन जा," बाबा म्हणाले. "पण आधी दोन-दोन कप कडक चहा घेऊ. तूही."