हलगरवाडीच्या सरावाची काडतुसं

खटकचिंचोळीपासून तीन कोसांवर हलगरवाडीची जागीर होती. जागीर म्हणजे पाच गावं आणि एक ओढा. पण कचेरी, मोहर, पेशकार आणि चार बंदूकवाले जवान असा सगळा थाट होता. या जवानांचा जमादार हावगेप्पा. हैदराबादेत फौजेत बारा वर्षं काढून तो गावी परतला होता. घरचा लिंगायत, मांसाला शिवत नसे. पण बंदुकीची त्याच्याएवढी जाण पाचही गावांत दुसऱ्या कुणाला नव्हती. कचेरीत त्याची सगळी अडचण झाली ती यामुळेच.

गोष्ट तेराशे चव्वेचाळीस फसलीची, म्हणजे साधारण एकोणीसशे चौतीस-पस्तीस सालची. त्या पावसाळ्यात ओढ्याकाठच्या रानडुकरांनी भुईमुगाचं रान असं उकरलं की नांगरायची गरज उरली नाही. ओढ्यालगत चार एकर कसणारी गुरुबाई दर सोमवारी कचेरीच्या पायरीवर येऊन बसू लागली.

"भुईमूग गेला तो गेला," ती म्हणायची. "आता जवारी पेरू का नगं, तेवढं सांगा. डुकरासाठीच पेरायची आसंल तर मग बियाणं बी सरकारनंच द्यावं."

जागीरदार श्रीपतरावांना हे झोंबलं. ते हैदराबादेला गेले आणि येताना एक आखूड बंदूक घेऊन आले. विलायती चीज. नळी हातभर आणि काडतूस पिस्तुलाचं. बाजूच्या झडपेतून दहा काडतुसं भरायची. चापाखालचा दांडा खालीवर केला की रिकामं बाहेर आणि भरलेलं आत. जवानांच्या जुन्या बंदुका चारदा घोडा ओढावा तेव्हा एकदा वाजत. तिप्पण्णा नावाच्या जवानाने नवी बंदूक हातात घेतली, आधी कपाळाला लावली आणि मग खांद्याला.

"हिचा सराव झाला पाहिजे," श्रीपतरावांनी हुकूम केला. "सरावाला कोणती काडतुसं मुनासिब, ते जमादारानं पाहावं आणि लेखी तहरीर द्यावी."

बारा वर्षांत हावगेप्पाला कुणी असं विचारलं नव्हतं. फौजेत मिळेल ते भरायचं आणि सांगतील तिकडे झाडायचं. त्याची छाती फुगली. गुलबर्ग्याच्या एका दुकानदाराकडून त्याने तीन जातींची काडतुसं नमुन्याला मागवली. तळ्याच्या मातीच्या बांधावर पांढरा कागद डकवला, साठ पावलं मोजली आणि एकेका जातीची दहा-दहा झाडली.

पहिली जात नुसत्या शिशाच्या गोळीची. दहाही गोळ्या एका भाकरीएवढ्या जागेत बसल्या. नळीत शिसं माखत होतं, पण रोज संध्याकाळी गज फिरवला की काम भागे. दुसरी तांब्याच्या कवचाची. तीही नेमकी, मात्र एक गोळी बांधातल्या दगडावर आपटून उलटली आणि तिप्पण्णाच्या कानाशी गुणगुणत गेली.

"जमादार, ही आपल्याकडंच यायलीय की!" तिप्पण्णा बसकण मारून ओरडला.

तिसरी जात हलक्या गोळीची, अर्ध्या दारूची. खांद्याला धक्का नाही आणि कानाला त्रास नाही. पण साठ पावलांवर गोळी वीतभर खाली पडे, आणि तीन काडतुसं दांड्यात अडकली.

हावगेप्पाने तहरीर सांगितली ती अशी: डुकरावर जेवढ्या वजनाची गोळी आणि जेवढी दारू वापरायची, तेवढीच सरावाला असावी. हाताला एकच धक्का कळावा, डोळ्याला एकच उंची कळावी. म्हणून नुसत्या शिशाची घ्यावीत, एकाच पेटीतली घ्यावीत, मागे मातीचा बांध असावा आणि नळी रोज पुसावी. एवढंच. कचेरीच्या मोहरीराने, म्हणजे कारकुनाने, ते उर्दूत उतरवलं तेव्हा अर्धं पान भरलं, आणि पेशकार अंकुशरावांना अर्ध्या पानाची तहरीर अपमानास्पद वाटली.

अंकुशराव जागिरीचे पेशकार. सगळी कचेरी त्यांच्या कलमावर चाले. आयुष्यात त्यांनी गुलेलसुद्धा ओढली नव्हती, पण कुठल्याही बाबतीत त्यांचं मत तयार असे. त्यांनी कागद मिसलीला, म्हणजे दप्तरातल्या फायलीला, लावला आणि खल सुरू झाला. भाद्रपदात सुरू झालेला खल दसरा उलटला तरी संपेना.

शिशाने नळी काळी होते, आणि सरकारच्या बंदुकीचं तोंड काळं होणं बरं दिसत नाही, असा एक शेरा पडला. तांब्याची काडतुसं श्रीपतरावांना फार आवडली, कारण ती उन्हात सोन्यासारखी चमकत. पण मग इतकी सुंदर चीज मातीच्या बांधात घालायची हे त्यांच्या जिवावर येई. हलक्या काडतुसांबद्दल बाईसाहेबांकडून निरोप आला की आवाज कमी असेल तर तीच घ्या. त्यावर अंकुशरावांनी शेरा मारला की आवाज कमी झाला तर रयतेला सराव चाललाय हे कळणार कसं?

शेवटी एका दुपारी अंकुशरावांनी हावगेप्पाला बोलावलं.

"जमादार, या सगळ्या फसादाचं मूळ कशात आहे, सांगा."

"कशात हाय, रावसायब?"

"गोळीत!" अंकुशराव विजयाने म्हणाले. "गोळी नळी घाण करते, गोळीच दगडावरून उलटते, गोळीच खाली पडते. गोळीच काढून टाकली तर? नुसती दारू, वर चिंधीचा बोळा. आवाज पुरा, धोका काही नाही."

थट्टा चालली असेल असं वाटून हावगेप्पा थोडा हसला. मग त्याच्या ध्यानात आलं की समोर कुणीच हसत नव्हतं.

"पण रावसायब, नेम लागला का न्हाई, ते कळंल कसं?"

"ते आमच्यावर सोडा."

मार्गशीर्षात सराव सुरू झाला. तळ्याच्या बांधावर मांडव घातला. अंकुशराव खुर्चीवर बसत, डोळे मिटत आणि आवाजावरून गुण देत. खणखणीत 'कडाड्' वाजलं तर दहा. नुसतं 'फट्' झालं तर सहा. 'फुस्स' झालं तर दोन, आणि जवानाला ताकीद. कागद बांधावर कोराच्या कोरा फडफडत राही. रोज संध्याकाळी तो काढून, घडी करून मिसलीला लावत, सरकारी सामान नासलं नाही याचा पुरावा म्हणून.

बोळ्याची काडतुसं आखूड असल्याने झडपेतून सरकत नसत. मग तिप्पण्णा एकेक हाताने घाली. दारूच्या राखेने नळी शिशापेक्षा जास्त काळी होई, पण त्याबद्दल मिसलीत शेरा नव्हता, म्हणून ती काळी नव्हती.

हावगेप्पाने दोनदा अर्ज केला. "कागदाला एक भोक पडंना," एवढंच त्याने लिहवलं. दुसऱ्या अर्जावर त्याला समज मिळाली की जमादाराची नजर चांगली असली तरी कान अजून तयार नाही. महिनाअखेरीस सर्वांत जास्त गुण स्वतः अंकुशरावांना पडले. त्यांनी पाच बार काढले होते, पाचही कडाड्. श्रीपतरावांनी त्यांना भर कचेरीत चांदीचा बिल्ला दिला.

त्या दिवशी घरी आल्यावर हावगेप्पाला भाकरी गोड लागेना. त्याची बायको निलम्मा चुलीपुढून म्हणाली, "कामून तोंड पाडून बसलाव? पगार तर मिळायलाय न्हवं?"

"मिळायलाय की."

"मग त्यास्नी वाजवू द्या. कुणाला लागायलंय थोडंच?"

"तेच तर सांगायलोय, निला. कुणालाच लागंना."

यातून खरा शहाणा कुणी झाला असेल तर ती डुकरं. पहिल्या आठवड्यात बार झाला की ती ओढ्यात पळत. दुसऱ्या आठवड्यात मान वर करून बघत. पौष लागेपर्यंत, गुरुबाईची ज्वारी हुरड्यात आली होती तेव्हा, ती सरावाच्या वेळेलाच रानात शिरू लागली, कारण त्या वेळी राखणीची पोरं मजा बघायला तळ्याच्या बांधावर गेलेली असत.

गुरुबाई सोमवारची वाट न बघता आली आणि थेट हावगेप्पासमोर उभी राहिली. "हावगेप्पाण्णा, आदी मी पत्र्याचा डबा बडवला की पळायचीत. आता डबा बडवला तर खायाला बोलावल्यावाणी यायलीत. तुमी सराव कुणाला द्यायलाव? जवानाला का डुकराला?"

हावगेप्पाला खाली बघावंसं वाटलं. त्याने बघितलंही.

योगायोगाने त्याच आठवड्यात बिदरहून एक बडे साहेब दौऱ्यावर यायचे होते. श्रीपतरावांनी ठरवलं की त्यांना शिकार दाखवायची. महिनाभराच्या तालमीचं चीज होईल. गुरुबाईच्या शेताच्या बांधावर शामियाना लागला. गालिचा, तक्के, फराळाची ताटं आली. हाकारे लोक ढोल घेऊन ओढ्यात उतरले. बंदुकीत आज तांब्याची खरी काडतुसं होती, आणि बंदूक बिल्लेवाल्या अंकुशरावांच्या हातात होती.

"रावसायब, आज धक्का बसंल," हावगेप्पा हळूच म्हणाला. "दस्ता खांद्याला घट्ट धरा. बोळ्यासारखं नसतंय हे."

"जमादार, गुण कुणाला जास्त पडले?"

"तुमाला."

"मग झालं."

ढोल वाजले. ज्वारी हलली आणि एक दांडगा डुक्कर बाहेर आला. असले आवाज त्याच्या परिचयाचे होते. तो पळाला नाही. चाळीस पावलांवर उभा राहून कणीस चघळत माणसांकडे बघत राहिला. अंकुशरावांनी बंदूक उचलली, सवयीने डोळे मिटले आणि चाप ओढला.

आवाज दहा गुणांचा झाला. दस्त्याने खांद्याला असा हिसका दिला की नळी वर गेली, अंकुशराव मागच्या मागे शामियान्याच्या मधल्या खांबावर आदळले, आणि खांब, कनात, छत सगळं साहेबांवर, श्रीपतरावांवर आणि फराळावर कोसळलं. कापडाखालून "या अल्ला" आणि "अरे देवा" असे दोन आवाज बरोबरच आले. डुकराने दुसरं कणीस धरलं.

बंदूक मातीत पडली होती. हावगेप्पाने ती उचलली, नळीत माती नाही ना हे पाहिलं आणि दांडा खालीवर केला. भाद्रपदातली ती तांब्याची दहा काडतुसं त्याच्या खांद्याला पाठ होती. किती धक्का बसणार, गोळी कुठे जाणार, ते त्याला ठाऊक होतं. त्याने श्वास धरला आणि एकच बार काढला. डुक्कर जागच्या जागी बसला, मग आडवा झाला. हावगेप्पाने मनातल्या मनात शिवाचं नाव घेतलं. त्याला जीव घ्यायची हौस कधीच नव्हती.

माणसं कापडाखालून निघेपर्यंत सगळं उरकलं होतं. साहेबांच्या दाढीला श्रीखंड लागलं होतं, पण समोर मेलेला डुक्कर दिसल्यावर त्यांनी "वाहवा" म्हटलं, आणि कचेरीला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी अंकुशरावांनी, हात गळ्यात बांधून, अहवाल सांगितला तो असा: पेशकारांनी पहिल्या बारात शामियाना पाडून जनावरास गाफील केलं व दुसऱ्या बारात ते जमीनदोस्त झालं. सबब गोळीविना सरावाचा फायदा सिद्ध झाला. खाली जमादाराची सही हवी होती.

हावगेप्पाने कागद खाली ठेवला. "सही करतो, रावसायब. पण मला शिशाची दोन पेट्या काडतुसं पायजेत. आन् गुरुबाईच्या रानाच्या बांधाला कागद लावायची परवानगी."

अंकुशरावांनी दाराकडे पाहिलं. श्रीपतराव केव्हाही येतील. "मिसलीत काय लिहू?"

"नळी पुसायचं सामान म्हणून लिवा."

परवानगी मिळाली. हावगेप्पाने सही केली. खोट्यावर सही केल्याची बोच त्याला राहिली, पण तिप्पण्णा आणि बाकीचे तिघे महिनाभर खऱ्या गोळ्या झाडत होते, आणि कागदाला रोज भोकं पडत होती. पहिल्यांदा दाराएवढ्या जागेत, मग परातीएवढ्या. चार डुकरं पडली. उरलेली ओढा ओलांडून पलीकडच्या जागिरीत गेली. माघात गुरुबाईची ज्वारी खळ्यावर आली, आणि दर सोमवारी कचेरीची पायरी रिकामी राहू लागली.

फाल्गुनात पलीकडच्या जागिरीचं पत्र आलं: तुमच्याकडे डुकरांचा बंदोबस्त झाला असं ऐकतो, सरावाला कोणती काडतुसं वापरता ते कळवावं. अंकुशरावांनी आनंदाने संबंध मिसलीची नक्कल करवली, बोळ्याच्या काडतुसांची पेटी तिला जोडली आणि हावगेप्पाला बैलगाडीने पाठवलं.

पलीकडचा जमादार कल्लप्पा वेशीवर भेटला. त्याने पेटी उघडून पाहिली, नक्कल चाळली आणि आवाज खाली आणून विचारलं, "हावगेप्पाण्णा, खरं सांगा. ह्यानं डुक्कर पडतंय?"

हावगेप्पाने आजूबाजूला पाहिलं. "न्हाई. शिकारीला जी गोळी, त्याच वजनाची शिशाची घे. दहा-दहा झाडून बघ, मग ठरव. नळी रोज पूस."

कल्लप्पाचा चेहरा पडला. "आता काय करू? तुमचं ऐकून, पत्र लिवायच्या आदीच आमच्या दिवाणानं आवाज ऐकून गुण द्यायला माणूस नेमलाय. त्यांचा मेव्हणा हाय. कानानं जरा कमी ऐकतोय."

हावगेप्पाने बैल सोडले, वेशीजवळच्या चिंचेखाली बसकण मारली आणि प्यायला तांब्याभर पाणी मागितलं.