डाग अर्धाच कापायचा

सकाळी साडेसहाला चौथ्या चाचणी खड्ड्यात तिनं पाण्याचा फवारा मारला आणि मातीवर चार काळपट डाग उमटले. ताटलीएवढे, गोल, जवळजवळ एका ओळीत. चौथा अर्धा खड्ड्याच्या भिंतीत शिरलेला.

"आले पाव्हणे," काठावरून रेखाटनकार म्हणाला. खात्यात सगळे त्याला फूटपट्टी म्हणत. चहा पितानाही तो कप सरळ रेषेत ठेवायचा.

"मुळं असतील," ती म्हणाली.

"असतीलही. मी अजून काही म्हटलंय का?"

जुन्या घराचा लाकडी खांब जमिनीत कुजला की असा डाग मागे राहतो. झाडाचं मूळ कुजलं तरी असाच राहतो. कापून पाहिल्याशिवाय कळत नाही. खांबाच्या कडा सरळ खाली उतरतात. मूळ निमुळतं होत वाट फुटेल तिकडे जातं. मात्र डाग अर्धाच कापायचा. उरलेला अर्धा ठेवायचा, उद्या कुणाला शंका आली तर त्यानं स्वतः बघावं म्हणून. पुरातत्त्वाच्या कामात पहिल्या वर्षीच हाताला ही सवय लागते.

डाग खांबांचे निघाले तर इथे जुनी वस्ती होती, आणि नवा बाह्यवळण रस्ता इथून जाणार नव्हता. तो पलीकडच्या पर्यायी आखणीवरून जाणार होता. त्या आखणीत तिच्या आईचं घर येत होतं.

आईची नजर पुरती गेली होती, तरी त्या घरात ती एकटी राहायची. भिंतीला तळहात लावून चुलीपर्यंत, न्हाणीपर्यंत, मागच्या दारापर्यंत जायची. तिला दिसत नाही हे नव्या माणसाला बराच वेळ कळतच नसे. पर्यायी आखणी झाली त्याच दिवशी तिनं खात्यातल्या साहेबांना सगळं सांगून काम दुसऱ्याकडे द्यायला सुचवलं होतं. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले होते. "दुसरं आहे कोण?"

पहिला डाग मुळाचा निघाला. दुसराही. माती खरवडायच्या करणीच्या टोकाशी तो वाकडा होत बोटाएवढा बारीक झाला आणि संपला. फूटपट्टीनं दोन्ही कागदावर उतरवले. ती खड्ड्याच्या भिंतीला टेकून बसली. गुडघे दुखत होते आणि ते बरं वाटत होतं.

अकराच्या सुमारास रस्त्याचा अभियंता आला. त्याच्या बुटांना दुसऱ्याच कुठल्या तरी कामाचा चिखल होता.

"बाई, आज काय ते एकदा सांगा. हो तर हो, नाही तर नाही. वरचे माझं डोकं खातायत."

"खाऊन काही उरलं असेल तर थोडं थांबा."

तो हसला आणि काठावर उकिडवा बसला. घाईचा माणूस वाईट नसतो, फक्त काठावर बसून राहतो.

तिसऱ्या डागावर मध्यरेघेची दोरी ताणायची राहिली होती. दोरीचे खिळे अजून दुसऱ्या डागापाशीच होते. तिनं खरवडायला सुरुवात केली. माती मऊ होती, पटापट सुटत होती. एक कड सरळ उतरल्यासारखी वाटली. ती नीट बघायला हात थांबायला हवा होता. हात थांबला नाही. मध्य ओलांडून करणी पलीकडच्या कडेला लागली तेव्हा डागाच्या जागी नुसता खळगा उरला होता आणि काळी माती घमेल्यात होती.

फूटपट्टीची पेन्सिल कागदावर टेकलेली होती.

"काय लिहू, बाई?"

"मूळ."

त्यानं खळग्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. काहीच लिहिलं नाही. पेन्सिल कानामागे खोचून तो पाणी प्यायला गेला.

फोन वाजला. भाऊ होता.

"ताई, काही मिळालं का गं?"

"चाललंय."

"मी घाई करत नाहीये. तुला एक सांगायचं होतं. आईनं सांगू नको म्हटलंय, पण मला राहवत नाही." तो थांबला. मागे कुणीतरी भांडी लावत होतं. "आठवडाभर ती रोज दुपारी माझ्याकडे येतेय. रिक्षावाल्याला पाठवायला सांगते. इथे आली की भिंती चाचपत फिरते. काल न्हाणीपर्यंत एकटी गेली. कपाटावर आपटली, तर म्हणते, हे हलवू नका, मला आता ठाऊक झालंय."

तिनं करणी घमेल्याच्या काठावर ठेवली.

"ताई?"

"तिला लागलं का?"

"जरासं, कपाळाला. म्हणते, पोरीला तिचं काम करू दे, माझ्या नावानं तिचा हात अडायला नको."

"बरं. ठेवते."

तिनं फोन खिशात टाकला. हाताला माती होती. तिनं तो विजारीला पुसला, तरी मळकाच राहिला.

"साहेब," ती अभियंत्याला म्हणाली, "तिसरा डाग मी सबंध काढून टाकला. अर्धा ठेवायला हवा होता. कशाचा होता ते आता मलाही सांगता येणार नाही, आणि दुसऱ्या कुणालाही नाही. अहवालात तसंच जाईल. चूक माझी."

अभियंता उठून उभा राहिला. "म्हणजे आज नाही."

"चौथा आहे अजून."

"तो तर भिंतीत गेलाय."

"अर्धा. बाहेरचा काढते. आतला माझ्या हाती यायचा नाही, ते बरंच आहे."

फूटपट्टी परत आला. त्यानं कानामागची पेन्सिल काढली, तिसऱ्या डागापुढे तिनं सांगितलेलं जसंच्या तसं लिहिलं आणि न विचारता फवाऱ्यात पाणी भरून दिलं. अभियंत्यानं कुणाला तरी फोन लावला आणि तो उचलला जायची वाट बघत गाडीकडे चालू लागला.

दुपारी चारपर्यंत चौथा डाग वीतभर खोल गेला होता. भिंतीत त्याचा छेद स्वच्छ दिसत होता. तिथपर्यंत तरी दोन्ही कडा सरळ होत्या. मूळही कधीकधी इतकं सरळ उतरतं. खाली आणखी काळी माती होती.