मीटरपेटीचं झाकण

बिल पाहून आईने एका वाक्यात निकाल लावला. "घर बंद करून तुझ्याकडे येते. हा पांढरा हत्ती मला एकटीला पोसवायचा नाही."

लेकीच्या दोन खोल्यांत आईचा जीव चार दिवसांत घुसमटायचा, हे दोघींनाही ठाऊक होतं.

मीटरपेटीला वडिलांनी कुलूप घातलेलं. रीडिंग घ्यायला माणूस आला की स्वतः उघडून शेजारी उभे राहायचे. ते गेल्यावर पाच महिने 'कुलूपबंद' म्हणून अंदाजे, किरकोळ बिलं आली. सहाव्या महिन्यात त्या माणसाने गोडीगुलाबीने पेटी उघडून घेतली, आणि राहिलेले सगळे युनिट एकाच बिलात येऊन बसले.

"अगं, आधीच किल्ली द्यायची ना त्याला!"

"कुणाला द्यायची नाही, असं ह्यांनीच बजावलं होतं. मी म्हणायचे, हे घरात नाहीत, नंतर या."

लेकीने किल्ली मागून घेतली. तिने पेटी उघडली. झाकणाच्या आतून पेन्सिलीने दर एक तारखेचे आकडे लिहिलेले, वडिलांचे, छापल्यासारखे. त्यांच्याखाली सहा वाकडेतिकडे.

"तू लिहीत होतीस?"

"एक तारीख चुकलेली त्यांना खपायची का?"

दोघींनी स्क्रू काढले आणि झाकण पिशवीत घालून वीज कार्यालय गाठलं.

"मीटरही आणायचात की, आजी!" रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"तू माझं बिल भरायला लागलास की आणते," आईने मागे न बघताच सुनावलं.

खिडकीतल्या बाईंनी चष्मा पुसून आकडे ताडून पाहिले. "शेवटचा आमच्याशी जुळतो. वापर दर महिन्याला शंभराच्या आतच, म्हणजे स्वस्त दराचा. आम्ही सगळा एकाच महिन्याचा धरला, म्हणून तो महागड्या टप्प्यात चढला. ज्या त्या महिन्यात वाटून देते."

बिल निम्म्याहून खाली उतरलं. बाईंनी झाकणावर बोट ठेवलं. "वरचं अक्षर सुरेख आहे हो. आणि खाली कोंबडी नाचली का?"

आई हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा, खांदे हलेपर्यंत. "ती कोंबडी मीच!"

"झाकण फाइलला ठेवू?"

"छे, छे! फोटो काढा हवा तर." आईने ते ओढून पिशवीत घातलं. "उद्या एक तारीख आहे. लिहू कुठे मी?"