शून्य म्हणजे चालू

माझी बायको आणि माझा धाकटा भाऊ एकाच ऑफिसात कामाला. रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन ज्या सर्व्हरवर येतात, तिथे बायकोनं दोन मशीनची जोडी लावलेली. एकावरची सेवा बंद पडली, की दुसऱ्यानं काम उचलायचं. सेवा चालू आहे की बंद, हे जोडीला कळवणारी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे चार ओळींचा प्रोग्राम, मात्र धाकट्याची.

सोमवारी भर दुपारी सेवा बंद पडली आणि दुसरं मशीन मख्ख बसून राहिलं. फोन कुणापर्यंत पोचेचनात. कुणी दगावलं नाही, हे नशीब. साहेबांनी ठपका बायकोवर ठेवला. शुक्रवारी तिनं सगळं काम दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं ठरलं.

सोमवारी रात्री धाकट्यानं जेवता जेवताच लॅपटॉप उघडला. "हे बघ दादा, माझी स्क्रिप्ट स्वच्छ सांगतेय, 'सेवा बंद आहे'. वहिनींच्या मशीनला वाचता येत नसेल तर मी काय करू?"

मी खो खो हसलो. आमच्या घरात शहाणा तोच, हे लहानपणापासून ठरलेलं. बायकोनं त्याला आणखी एक पोळी वाढली.

गुरुवारी संध्याकाळी तो माझ्या दुकानात आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दादा, जोडी अक्षरं वाचतच नाही रे. स्क्रिप्ट संपताना एक आकडा देते, तेवढाच बघते. शून्य म्हणजे चालू, तीन म्हणजे बंद. मी पडद्यावर 'बंद आहे' छापलं आणि तीन द्यायला विसरलो. छापणं बिनचूक झालं, म्हणून आपोआप शून्य गेला."

माझ्या मनात पहिलं काय आलं? आता याची नोकरी जाणार. उद्या बायकोचं काम जाणार होतं, ते मागाहून आठवलं. स्वतःचीच इतकी लाज वाटली, की दुकान तसंच नोकरावर टाकून मी त्याला घरी घेऊन गेलो.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. धाकट्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं आणि तिच्यासमोरच साहेबांना फोन लावून चूक कबूल केली.

"मला सोमवारीच कळलं होतं, भाऊजी," ती म्हणाली.

"मग साहेबांना सांगितलं का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलोच.

तिनं हातातली घडी पूर्ण केली. "सांगितलं असतं, तर तू काय म्हणाला असतास? स्वतःची चूक दिरावर ढकलतेय, असंच ना?"

सोमवारचं माझं ते खो खो हसणं मला आठवलं.